संकल्पचित्र : उंबरठ्यावर उभं असताना भिंतीवर काय लावावं?

 

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तो आहे ‘व्हिजन बोर्ड’. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठा पुठ्ठा घ्यायचा. आयुष्यात जे जे हवंसं वाटतं त्याची चित्रं मासिकांतून, जाहिरातींतून कापायची आणि त्यावर चिकटवायची. मग तो फलक रोज नजरेस पडेल अशा जागी लावायचा. घर, गाडी, बर्फाचे डोंगर, सडपातळ शरीर, हसतं कुटुंब. आता मोबाइलवरही हे करता येतं.

तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञानाचा काय संबंध? संबंध आहे. हा फलक बहुधा कोण करायला घेतं ते पाहा. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय ते सहसा या भानगडीत पडत नाहीत. नोकरी सुटलेली असते, निवृत्ती झालेली असते, घटस्फोट झालेला असतो, जोडीदार गेलेला असतो, मुलं बाहेरगावी गेलेली असतात. जुनं संपलंय आणि नवं सुरू झालेलं नाही, अशा वेळी माणूस कात्री आणि डिंक घेऊन बसतो. म्हणजे प्रश्न जुनाच आहे : आता कसं जगायचं? फक्त तो चित्रांत विचारलाय.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर शोधावं लागणार नाही. व्हिजन बोर्ड हा विश्वाकडे केलेला अर्ज समजला, तर तो निरुपयोगी ठरतो आणि कधीकधी नुकसानही करतो. तोच आपण आपली घेतलेली तोंडी परीक्षा समजला, तर फार कामाचा आहे. ही परीक्षा कशी घ्यायची याची पद्धत आपल्याकडच्या न्यायदर्शनात तयार आहे.

हे आलं कुठून?

हे अमेरिकेतून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ होती. विचाराने वस्तुस्थिती घडते, असा तिचा विश्वास. विल्यम वॉकर अॅटकिन्सन या लेखकाने १९०६ साली विचारांची कंपनं आणि ‘आकर्षणाचा नियम’ यावर पुस्तक लिहिलं. गंमत अशी की हेच गृहस्थ ‘योगी रामचारक’ या नावानेही पुस्तकं लिहीत. त्यामुळे आपल्यापैकी कुणाला ही कल्पना ‘आपलीच’ वाटली, तर त्यामागे थोडी या नावांचीही करामत आहे. १९७८ साली शक्ती गवेन यांचं ‘क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन’ आलं; त्यात अशा फलकाला खजिन्याचा नकाशा म्हटलंय. आणि २००६ मध्ये ‘द सिक्रेट’ हा चित्रपट आणि पुस्तक आलं, तिथून व्हिजन बोर्ड घरोघरी पोचला.

‘द सिक्रेट’चं सूत्र सोपं आहे : मागा, विश्वास ठेवा, स्वीकारा. या सूत्रात एक क्रियापद कमी आहे, ते म्हणजे ‘करा’. आपल्या आज्यांना हे बरोबर कळत होतं. त्या म्हणायच्या, मनात मांडे, पदरात धोंडे. पंचतंत्रातला सातूच्या पिठाचं भांडं टांगून झोपलेला तो ब्राह्मण आठवा. पिठाच्या शेळ्या, शेळ्यांच्या गाई, गाईंचं घर, घरात बायको, मुलगा, मुलाचं नावसुद्धा ठरलं. आणि स्वप्नातच लाथ झाडली तर भांडं फुटून पीठ अंगावर. जगातला पहिला व्हिजन बोर्ड तोच असावा! (हशा)

गोड चित्राचा तोटा

हसण्यावारी न्यायचं नसेल तर पुरावा पाहू. गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाई. त्यांनी थॉमस वॉडन यांच्यासह १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या २५ स्त्रियांना त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या. एक, तुम्हाला काय वाटतं, जमेल का? दोन, भविष्याची चित्रं मनात येतात ती कशी असतात? वर्षभराने पाहिलं तर ‘जमेल’ अशी अपेक्षा असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण ज्यांच्या मनातली चित्रं फार गोड, फार गुळगुळीत होती, त्यांचं कमी उतरलं होतं.

हा फरक बारकाईने लक्षात घ्या. अपेक्षा अनुभवावर उभी असते : मी पूर्वी अमुक केलंय, म्हणून हेही जमेल. स्वप्नरंजनाला असा आधार लागत नाही. २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी आणि डोरिस मेयर यांनी नोकरी शोधणारे पदवीधर घेतले. ज्यांची स्वप्नं अधिक गोड होती त्यांनी अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. कारण काय असावं? मनात पोचून झालं की शरीर सैल पडतं. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की गोड कल्पनेनंतर माणसाचा रक्तदाबही थोडा उतरतो. आराम हवा असेल तर उत्तम. चढ चढायचा असेल तर वाईट.

तिसरा अभ्यास आम्हा मास्तर मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. १९९९ साली फाम आणि टेलर यांनी परीक्षेच्या आधी काही दिवस विद्यार्थ्यांच्या एका गटाला रोज थोडा वेळ उत्तम गुण मिळाल्याचं दृश्य कल्पायला सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही टेबलाशी बसलाय, पुस्तक उघडलंय, टिपणं काढताय, असं कल्पा. अभ्यासाचं दृश्य पाहणाऱ्यांना गुण चांगले पडले. निकालाचं दृश्य पाहणाऱ्यांनी अभ्यासच कमी केला.

म्हणजे चित्र काढू नका असं नाही. चित्र कशाचं काढता याने फरक पडतो.

न्यायदर्शनाचे तीन प्रश्न

आता आपल्या घरात या. माणूस कृतीला का प्रवृत्त होतो, याचा नैयायिकांनी फार काटेकोर विचार केला. सतराव्या शतकातल्या विश्वनाथांच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त ही चर्चा व्यवस्थित मांडलेली आहे. ते म्हणतात, नुसत्या इच्छेने प्रवृत्ती होत नाही. आधी ‘चिकीर्षा’ लागते, म्हणजे करण्याची इच्छा. मिळण्याची इच्छा वेगळी आणि करण्याची इच्छा वेगळी. आणि प्रत्यक्ष हात हलायचा तर तीन प्रकारचं ज्ञान लागतं. शब्द अवघड आहेत, पण घाबरू नका.

पहिलं, इष्टसाधनताज्ञान : ही गोष्ट मला हव्या असलेल्या गोष्टीचं साधन आहे, हे कळणं. दुसरं, कृतिसाध्यताज्ञान : ती माझ्या प्रयत्नाने होण्यासारखी आहे, हे कळणं. पाऊस सगळ्यांना हवा असतो, पण पाऊस पाडायला कुणी उठत नाही. तिसरं, बलवदनिष्टाननुबंधित्वज्ञान : तिच्या पाठोपाठ तिच्याहून मोठं अनिष्ट येणार नाही, हे कळणं. इथलं उदाहरण प्रसिद्ध आहे, मध आणि विष कालवलेलं अन्न. मध गोड आहे, भूक लागली आहे, हात पोचतोय. तरी शहाणा माणूस खात नाही.

फलकावरच्या प्रत्येक चित्राला हेच तीन प्रश्न विचारायचे. याने मला नक्की काय मिळणार आहे? यातलं माझ्या हातात किती आहे? आणि याच्या शेपटीला काय बांधलेलं आहे?

उदाहरण घेऊ. समजा, एक बाई आहेत. ठाण्याला राहतात, पस्तीस वर्षं बँकेत नोकरी करून नुकत्याच निवृत्त झाल्यात. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा, सून, नातवंडं बेंगळुरूला. त्यांनी फलक केला आणि त्यावर तीन चित्रं लावली : कोकणातलं कौलारू घर, टेबलाभोवती जेवायला बसलेलं मोठं कुटुंब, आणि पेटी वाजवणारी एक बाई.

कौलारू घर घ्या. पहिला प्रश्न : त्यात इष्ट काय आहे? विचार करता करता लक्षात येतं की घर नको आहे, सकाळची शांतता हवी आहे, आणि लहानपणी आजोळी जे मोकळं वाटायचं ते हवं आहे. मग त्याचं साधन घर विकत घेणं हेच आहे का? की दरवर्षी पावसाळ्यानंतर महिनाभर तिकडे राहून येणं पुरेल? तिसरा प्रश्न तर फार महत्त्वाचा. ठाण्याचा फ्लॅट विकून कोकणात घर घेतलं, तर दवाखाना किती लांब? रात्री अडचण आली तर दार कोण वाजवणार? चित्रात मध दिसतो. विष छापलेलं नसतं. एकदा फ्लॅट विकला की परत मिळत नाही. दुःखाच्या भरात घेतलेल्या अशा एका निर्णयात माणसाची आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते.

आता जेवणाचं टेबल. इष्टच आहे, शंका नाही. पण कृतिसाध्य आहे का? मुलाने रोज आपल्यासोबत जेवावं हे आईच्या प्रयत्नाने होणारं काम नाही; त्यात मुलाची, सुनेची इच्छा आली, नोकरी आली. हे चित्र रोज पाहिलं तर रोज फक्त खंत वाढेल. मग ते काढून टाकायचं का? नाही. त्यातलं आपल्या हाताचं तेवढं वेगळं काढायचं. दर रविवारी नातीला फोनवर एक गोष्ट सांगणं आपल्या हातात आहे. गणपतीला या म्हणून वेळेवर बोलावणं, गाडीचं आरक्षण सुरू होण्याआधी बोलावणं, हेही हातात आहे. येणं न येणं त्यांच्याकडे.

अॅरिस्टॉटलनेही निकोमखसच्या नीतिशास्त्रात हाच भेद केलाय. माणूस अमर होण्याचीही इच्छा करू शकतो, पण निवड मात्र आपल्या हातातल्या गोष्टींचीच करता येते. दोन परंपरा इतक्या दूरच्या, आणि गाठ एकाच जागी पडते.

राहिली पेटी. हे चित्र तिन्ही प्रश्नांत पास होतं. ज्या चित्राकडे सगळ्यात कमी लक्ष होतं, कोपऱ्यात लावलेलं होतं, तेच खरं निघतं. असं बऱ्याचदा होतं.

उंबरठा

पण एक गोष्ट अजून राहिली, आणि आमच्या मते ती सगळ्यात नाजूक आहे. फलक करायची घाई.

आर्नोल्ड व्हान गेनेप या मानववंशशास्त्रज्ञाने १९०९ साली संक्रमणविधींवर ग्रंथ लिहिला. जन्म, लग्न, मृत्यू, वयात येणं, या सगळ्या विधींत त्याला तीन टप्पे दिसले : आधीच्या स्थितीतून सुटणं, मधली अवस्था, आणि नव्या स्थितीत सामील होणं. मधल्या अवस्थेसाठी त्याने उंबरठा या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. आपल्याला हे समजायला लॅटिनची गरज नाही. अंतरपाट धरलेला असतो तेव्हाची ती दोन माणसं आठवा. धड लग्न झालेलं नाही, धड अविवाहितही नाहीत. मग अंतरपाट दूर होतो, सून माप ओलांडून आत येते, आणि घर तिला नाव देऊन, गोड बोलून सामावून घेतं.

आता निवृत्ती पाहा. शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो. हा झाला सुटण्याचा विधी. मग पुढे? दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून ‘या, आत या’ म्हणणारं कुणी नसतं. घटस्फोटाला तर कागदावरच्या सहीपलीकडे काहीच नाही. मुलं घर सोडून जातात त्याला विमानतळावरचा निरोप एवढाच. आजच्या आयुष्यातली निम्मी वळणं अशी बिनविधीची आहेत. माणूस उंबरठ्यावर तसाच राहतो. मग तो स्वतःच एक घरगुती विधी शोधतो, आणि पुठ्ठा आणतो. आम्ही या पुठ्ठ्याला हसत नाही ते यासाठी.

फक्त त्याला उंबरठ्यावर थोडं उभं राहू द्यावं. घाईघाईने भरलेल्या फलकावर आपली इच्छा क्वचितच असते. हाताशी आलेल्या जाहिरातीतली इच्छा असते. मासिकात जे छापलेलं नाही ते कापता येत नाही. म्हणून निम्मा फलक रिकामा असला तरी चालेल. तो तसाच लावा. ‘अजून कळलेलं नाही’ हेही त्या वेळचं खरं उत्तर असतं.

संकल्प कसा सोडतात

आता पद्धत. व्हिजन बोर्डला मराठीत काय म्हणावं? आम्ही ‘संकल्पचित्र’ म्हणू. हा शब्द आमचा नाही. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात पुलांचे, इमारतींचे आराखडे करणारी ‘संकल्पचित्र मंडळं’ आहेत. तिथे संकल्पचित्र म्हणजे पुलाचं सुंदर छायाचित्र नव्हे. भार किती, खांब कुठे, पाया किती खोल, पूर आला तर काय, हे सगळं त्यात असतं. आपल्यालाही तसंच हवं आहे.

आणि ‘संकल्प’ हा शब्द तर पूजेतला. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा नीट ऐका. त्यात काळ येतो : संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. स्थळही येतं, अगदी गोदावरीच्या कुठल्या तीरावर आहोत तेही. मग आपलं नाव, गोत्र. मग हेतू. आणि शेवटी एकच क्रियापद : ‘करिष्ये’. मी करीन. ‘मला मिळो’ असा शेवट होत नाही.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात जे दाखवलं ते याच अंगाने जाणारं आहे. ‘मी व्यायाम करणार’ यापेक्षा ‘अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता वाढते. ओटिंगेन बाईंनी त्यात आणखी एक पायरी घातली : हवं ते मनात आणा, आणि लगेच आपल्या आतला अडथळाही मनात आणा.

तर मग ठाण्याच्या आपल्या बाईंचं संकल्पचित्र कसं होईल? पेटीचं चित्र राहील, पण छापील नको; माळ्यावरच्या आपल्या पेटीचाच फोटो काढून लावावा. त्याखाली लिहावं : मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारचा चहा झाला की, दोन गल्ल्या सोडून असलेल्या क्लासला जाईन. खाली अडथळा लिहावा : या वयात लहान पोरांच्या शेजारी बसायची लाज वाटते. आणि त्याखाली उपाय : लाज वाटली की बाईंना सांगून एकटीची वेळ मागून घेईन. इतकं झालं की ते चित्र भिंतीवरून उतरून पायात येतं.

अजून एक. ‘करिष्ये’ म्हटल्यावर आपण काय करतो? हातावरून ताम्हनात पाणी सोडतो. म्हणून तर मराठीत संकल्प ‘सोडतात’. आणि एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडलं’ म्हणजे तिचा नाद सोडला. एकाच क्रियेत दोन्ही आहे : घेणं आणि सोडणं. दुकानातल्या फलकावर फक्त घेणं असतं. आपल्या फलकाच्या एका बाजूला, ज्यावर आपण पाणी सोडतोय ते लिहावं. हुद्दा. केबिन. ‘साहेब’ म्हणून मिळणारा नमस्कार. पूर्वीसारखं भरलेलं घर. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. तेही सोडायचंच पाणी आहे.

फलक दिवाणखान्यात लावू नका, कपाटाच्या दाराला आतून लावा. पाहुण्यांनी कौतुक केलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं, आणि मग उरलेलं होत नाही. वर तारीख घाला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा आणि निरुत्तर झालेलं चित्र काढून टाका.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, गीता निष्काम कर्म सांगते. मग असा फलक करणं गीतेच्या विरुद्ध नाही का?*

चांगला प्रश्न. गीतेने फळावरचा हक्क नाकारलाय, कर्मावरचा नाही. आपण फलकावरून काढून टाकतोय तेही फळाचंच चित्र, आणि ठेवतोय ते कर्माचं. सहाव्या अध्यायात सर्व संकल्पांचा त्याग करणारा योगारूढ म्हटलाय हे खरं. पण त्याच्या आधीच्या श्लोकात जो अजून चढतोय त्याच्यासाठी कर्म हेच साधन सांगितलंय. आपण सगळे पायऱ्यांवरचे लोक आहोत. वर पोचलात की फलक खुशाल उतरवा.

*प्रश्न : माझी मुलगी नोकरी गेल्यावर असा बोर्ड करून बसलीय, सगळी परदेशाची चित्रं आहेत. तिला हे सगळं मनोराज्य आहे असं सांगू का?*

नका सांगू. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातातून कात्रीही काढून घेऊ नये. शेजारी बसा आणि एकच चित्र निवडून विचारा, ‘यातलं तुला काय आवडलं गं?’ ती म्हणेल, ‘तिथे कुणी ओळखत नाही, कुणी काही विचारत नाही.’ मग तुम्हाला कळेल की तिला परदेशापेक्षा प्रश्नांपासून सुटका हवी आहे. आणि ती तर तुम्ही आजच, घरातच, देऊ शकता.

*प्रश्न : आमचं वय आता ८१. आम्ही फलक करावा का?*

जरूर करा. तीन प्रश्नांत वय किती हा प्रश्न नाही. लहान पुठ्ठा घ्या, एकच चित्र लावा, आणि खाली वार आणि वेळ लिहा.

इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात ‘इष्ट’ या शब्दाकडेच वळायचं आहे : आपल्याला जे हवंय ते आपल्याला खरंच हवंय, हे कळतं कसं? तोवर कुणी पुठ्ठा आणला तर तो थोडे दिवस कोराच ठेवावा.